कंपनीवर जीव जडला की फोन कसा वापरला जातो? नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या टेबलावरून

नवीपेठ_दुरुस्ती · रविवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. सोलापूरला नवी पेठेत चौदा वर्षं मोबाइल दुरुस्तीचं काम करतोय. गेल्या आठवड्यात एकाच दुपारी दोन फोन दुरुस्तीला आले. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

पहिले गृहस्थ टॉवेलच्या कारखान्यातले. फोन चार्ज होत नव्हता. केबल अर्धीच आत जायची, जरा हलली की चार्जिंग बंद. भिंगाखाली धरला तर पिनमध्ये, म्हणजे केबल बसते त्या खाचेत, कापसाचं तूस ठासून बसलेलं. आपल्या गावात हे रोजचं आहे. मागाजवळ हवेत तूस उडत असतं, ते खिशातल्या फोनमध्ये जातं आणि आपण रोज केबल खुपसून त्याला आत दाबत राहतो. महिन्या-दोन महिन्यांत तळाशी त्याची घट्ट गादी तयार होते. फोन बंद करायचा, प्लास्टिकच्या बारीक काडीनं ती गादी सोडवायची, मऊ ब्रशनं झाडायचं. पाच मिनिटांचं काम. (टाचणी किंवा सुई घालू नका, आतले संपर्क वाकतात. मग खरोखरच पिन बदलावी लागते.)

दुसरे चादरीच्या दुकानातले. फोन वेगळ्या कंपनीचा. बिघाड तोच, तूसही तेच.

पहिले फोन हातात देताना म्हणाले, "चार्जर गेलाय वाटतं. फोनला काय होत नाही, सहा वर्षं हीच कंपनी वापरतोय." त्यांचे दोन नवे चार्जर घेऊन झाले होते. दुसरे म्हणाले, "ही कंपनीच भिकार आहे, मुलानं गळ्यात मारली." त्यांनी नवा फोन बघून ठेवला होता, जुन्यातले फोटो काढून द्या एवढंच मागणं होतं.

एकानं कंपनीला वाचवायला चार्जरवर खापर फोडलं, दुसऱ्यानं पाच मिनिटांच्या कामासाठी चालता फोन टाकायला काढला. उजेडात धरून पिनमध्ये डोकावून मात्र दोघांनीही पाहिलं नव्हतं.

कुठल्या कंपनीचा फोन घ्यावा यावर इथे ढिगानं धागे आहेत. मला वेगळं विचारायचंय. घेतल्यानंतर ती आवड-नावड आपल्या हातात कशी उतरते? माझं निरीक्षण असं की ज्या कंपनीवर जीव आहे तिचा फोन माणूस जपतो, तिच्या चुका पोटात घालतो, आणि पुष्कळदा तो फोन कमी वापरतो.

हे शेवटचं ऐकून नवल वाटेल. माझ्याकडे एक मुलगा येतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं हप्त्यावर जुना आयफोन घेतला. कव्हर घेतलं ते पाठीमागे गोल भोक असलेलं, सफरचंद दिसायला पाहिजे म्हणून. पण कारखान्यात तो फोन नेत नाही. तिथे खिशात बटणांचा फोन. आयफोन घरी, कपाटात, धुतलेल्या रुमालात गुंडाळून. संध्याकाळी पार्क चौकात मित्रांत जाताना बाहेर निघतो. त्याच्याच वयाचे दुसरे पोर दहा-बारा हजारांचा फोन दिवसभर हाणतात. त्यावरच गाणी, त्यावरच पैसे, त्यावरच क्रिकेट. वापर म्हणून बघितला तर स्वस्त फोनवाल्याचा दसपट. पण स्क्रीनवर ओरखडा पडला म्हणून रात्री दुकान बंद करताना धावत येतो तो आयफोनवाला.

तुमच्या घरात काय दिसतं ते लिहा.

---

जुळेसोलापूर_४ · रविवार, रात्री १०.५१

आमच्या वडिलांचं लिहितो. २००४ साली त्यांनी नोकिया ११०० घेतला. त्या काळातलं लोडशेडिंग आठवा. जिन्यात, बाथरूममध्ये, देवघरात त्याच फोनची बॅटरी. बॅटरी म्हणजे टॉर्च, आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. फोन म्हणून आला आणि घरातला कंदील होऊन बसला. त्यांचा त्या कंपनीवर जीव बसला तो तिथे, बोलण्यासाठी नव्हे.

आता त्यांच्याकडे मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड आहे. तरी आलेला प्रत्येक मेसेज वाचून झाला की खोडतात, कारण त्या जुन्या फोनचा इनबॉक्स भरायचा. रात्री झोपताना फोन बंद करतात. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा बॅटरी लागते का ते बघतात, मग बाकीचं. कंपनी गेली, तिची वळणं बोटांत राहिली.

---

पुण्यातला_सोलापूरकर · रविवार, रात्री ११.१५

नोकियाचा विषय निघाला म्हणून. त्या कंपनीचा चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला मोठा कारखाना होता. २००६ ला सुरू झाला, २०१४ ला बंद पडला. त्याच वर्षी फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. तरी लोक कितीतरी दिवस "नोकियाचा नवीन कधी येणार?" विचारायचे. २०१७ मध्ये जुना ३३१० परत आणला तोसुद्धा या आठवणींच्या जोरावर. लोकांनी हौसेनं घेतला आणि बहुतेकांचा ड्रॉवरमध्ये गेला, कारण तोपर्यंत व्हॉट्सॲपशिवाय पान हलत नव्हतं. जीव असणं वेगळं, दिवस त्यावर काढता येणं वेगळं.

आणखी एक आठवलं, बारीक पिनचा चार्जर. आमच्या बुधवार पेठेतल्या वाड्यात सगळ्यांकडे तीच कंपनी, म्हणून कुणाच्याही घरी जाऊन फोन लावता यायचा. वेगळ्या कंपनीचा घेणारा एकटा पडायचा. प्रेमाइतकाच तो सोयीचा भाग होता.

---

विपणन_शिकवतो · सोमवार, सकाळी ७.४०

दुरुस्तीवाले दादा, तुम्ही जे टेबलावर बघताय त्यावर आमच्या विषयात बरंच काम झालंय. मी कॉलेजात हा विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'आवडतो' आणि 'जीव जडलाय' यांत फरक करायला हवा. सी. व्हान पार्क, डेबोरा मॅकिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हा फरक नेमका मांडला. त्यांच्या मते जीव जडण्याला दोन धागे असतात. एक, ती कंपनी 'माझी' वाटणं, तिच्यात स्वतःला बघणं. दुसरा, तिचा विचार न बोलावता मनात येणं. नुसती आवड असेल तर माणूस चांगलं बोलतो आणि पुढे जातो. जीव असेल तर तो स्वतःला तोशीस लावून घेतो. पैसा, वेळ, चारचौघांतला शब्द खर्च करतो. सर्व्हिस सेंटर इथे नाही म्हणून अडीचशे किलोमीटरवर पुण्याला फोन घेऊन जाणारे लोक तुम्ही पाहिलेच असतील. त्यांना नुसतं 'समाधानी ग्राहक' म्हणून भागत नाही.

रुमालातला आयफोन वाचून मला रसेल बेल्क आठवला. त्यानं १९८८ मध्ये मांडलं की आपल्या वस्तू हा आपल्या 'मी'चाच पसरलेला भाग असतो, म्हणून वस्तू चोरीला गेली की स्वतःचाच लचका तुटल्यासारखं वाटतं. त्या मुलासाठी तो फोन म्हणजे आपण कोण व्हायचंय त्याची खूण आहे. खूण कुणी तुसात नेत नाही. त्यात मला काही चुकीचं दिसत नाही. लग्नातलं उपरणं आपण रोज वापरत नाही, तसंच ते.

तुमच्याकडे जुना फोन विकायला येणारे आणि घ्यायला येणारे यांच्या आकड्यांतही अंतर पडत असणार. कानमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये साध्या कॉफीच्या मगांवर प्रयोग केला होता. ज्यांना मग दिला ते विकायला जी किंमत मागत होते ती, ज्यांच्याकडे मग नव्हता ते द्यायला तयार असलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास निघाली. हातात येऊन थोडाच वेळ झालेल्या मगाची ही कथा. तीन वर्षं उशाशी असलेल्या फोनचं काय होत असेल बघा.

---

नवीपेठ_दुरुस्ती · सोमवार, सकाळी ९.०५

सर, अगदी बरोबर. जुन्या फोनचा भाव सांगितला की माणसाचा चेहरा पडतो. "अहो, एकदाही पडू दिला नाही!" न पडू देण्याचे पैसे बाजार देत नाही, पण ते त्याच्या मनात मोजलेले असतात.

---

मागावरचा · सोमवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहूलालो. माझा बी फोन असाच करूलालाय. केबल धरून बसलं तरच चार्ज होतं. मी समजलो कंपनीच बोगस. आमच्या खात्यात चौघांनी एकदमच घेतले होते हे फोन, चौघांचं पण तसंच. म्हणून सगळे शिव्या देऊलालेत.

दादा, पण एक सांगतो. स्वस्त फोनवाल्याचा कंपनीवर जीव नसतो असं नाही. २०१४ ला शाओमी आली तेव्हा ऑनलाइन सेल लागायचा, सेकंदात संपायचा. मी सायबर कॅफेत बसून दोन आठवडे नंबर लावला तेव्हा मिळाला. दुकानात जाऊन कुणीपण घेईल, मी झगडून कमी पैशात भारी फोन मिळवला, ही माझी ऐट होती. चार वर्षं चालवला. वेग कमी झाला, जाहिराती यायला लागल्या, तरी दुसऱ्याला हाच घे म्हणून सांगायचो. तो फोन वाईट म्हटलं असतं तर मीच येडा ठरलो असतो की.

---

शिलाई_होटगीरोड · सोमवार, दुपारी ३.१२

सगळ्यांचं वाचलं. मला एक वेगळंच सांगावंसं वाटतं.

माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. त्यात माझ्याकडे पाच फोन आले. एकही मी निवडलेला नव्हता. ह्यांनी नवा घेतला की जुना माझ्याकडे. कंपनी कुठली, ह्याला मला काय अर्थ होता? बॅटरी उतरलेली, मेमरी भरलेली, त्यात ह्यांच्या मित्रांचे नंबर, ह्यांच्या ग्रुपचे व्हिडिओ. मी तो फोन असल्यासारखा नसल्यासारखा वापरायचे. फोन आला की उचलायचा, झालं. मुलं खेळायला मागायची, देऊन टाकायचे. घरात सगळे म्हणायचे, आईला फोनमधलं काही कळत नाही.

मी शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी सीझनचे पैसे साठले त्यातून स्वतः दुकानात जाऊन फोन घेतला. सोबत मैत्रीण होती, ती जी कंपनी वापरते तीच घेतली, कारण अडलं तर तिला विचारता येईल. दुकानदार दुसराच दाखवत होता, मी ऐकलं नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा फोनला स्वतःचं कुलूप घातलं. माझं बोट लागल्याशिवाय उघडत नाही. मग एकेक शिकले. मापांचे फोटो गिऱ्हाइकाच्या नावानं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, पैसे क्यूआर कोडवर घेते, कापडाचा भाव व्हॉट्सॲपवर विचारते. फोन फार महागाचा नाही. पण त्याची काच मी पदरानं पुसते, आणि मुलांच्या हातात देत नाही. त्या कंपनीची जाहिरात टीव्हीवर लागली की माझं लक्ष जातं. सर म्हणतात तो जीव जडणं म्हणजे हे असेल, तर तो मला निवडता आल्यामुळे जडला.

---

जुळेसोलापूर_४ · सोमवार, दुपारी ३.४०

ताई, तुमचं वाचून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि आईच्या हातातला फोन बघितला. माझाच, २०१९ चा. आम्ही सगळे तिला "तुला जमत नाही" म्हणतो.

---

विपणन_शिकवतो · सोमवार, सायंकाळी ५.२०

ताईंचा मुद्दा फार मोलाचा आहे. आमच्या बहुतेक अभ्यासांत 'ग्राहक' म्हणजे विकत घेणारा धरतात. उतरत्या हातांनी फोन मिळालेला माणूस त्यात दिसतच नाही. उद्या वर्गात हे मांडतो. तुमची ओळख येणार नाही.

---

पुण्यातला_सोलापूरकर · सोमवार, रात्री ८.००

मला एका गोष्टीवर भांडायचंय. ज्याला आपण जीव म्हणतोय त्यातला किती भाग अडकून पडणं आहे?

मी आठ वर्षं आयफोनवर होतो. बदलायचं कैकदा ठरवलं. व्हॉट्सॲपच्या गप्पा दुसरीकडे नेता यायच्या नाहीत. आयफोनवरून अँड्रॉइडवर न्यायची अधिकृत सोय २०२१ मध्ये आली, तीही आधी फक्त सॅमसंगच्या फोनसाठी. उलट दिशेची २०२२ मध्ये. आजी गेल्यावर तिचे आवाजातले मेसेज त्या गप्पांत होते. मी कंपनीशी निष्ठावान दिसत होतो, पण मी त्या आवाजाशी बांधलेला होतो. केबलचंही तेच. २०१२ पासून लाइटनिंगची पिन होती, आयफोन १५ बरोबर २०२३ मध्ये टाइप-सी आली. तोवर घरात, गाडीत, ऑफिसात, सासरी सगळीकडे त्याच केबली.

अमेरिकेत निळ्या-हिरव्या मेसेजची भानगड आहे, आयफोनवर अँड्रॉइडवाल्याचा मेसेज हिरवा दिसतो म्हणून पोरं एकमेकांना हिणवतात. आपल्याकडे सगळा गाव व्हॉट्सॲपवर, त्यामुळे तो फास इथे बसलाच नाही. इथे जो बसतो तो हप्त्यांचा. फोन जुना वाटायला लागतो तरी हप्ता चालू असतो, आणि हप्ता चालू असेपर्यंत माणूस त्या फोनला वाईट म्हणत नाही.

---

नवीपेठ_दुरुस्ती · सोमवार, रात्री ९.३०

भांडण रास्त आहे. माझ्या टेबलावर मी दोन्ही वेगळे ओळखायला एक प्रश्न विचारतो. "सगळा डाटा जसाच्या तसा दुसऱ्या कंपनीच्या फोनवर टाकून दिला, तर बदलाल?" अडकलेला माणूस लगेच "किती वेळ लागेल?" विचारतो. जीव असलेला गप्प बसतो, मग म्हणतो, "नको, ह्याचंच काहीतरी करा."

जीव असण्याचा तोटा मी सगळ्यात जास्त उन्हाळ्यात बघतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४२-४३ अंश सहज असतं. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. दुपारी दुचाकीवर होल्डरला लावून, वर जाड कव्हर, मॅप चालू, चार्जिंग चालू. स्क्रीनवर तापल्याची सूचना येते तरी लोक म्हणतात, "महागाचा आहे, सोसेल." स्वस्त फोनवाला आपला फोन तापला की खिशात टाकतो, कारण त्याला भरवसा नसतो. इथे भरवसा नसलेल्याचा फोन जास्त टिकतो. फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन आलेल्यांत "आमच्या कंपनीच्या फुगत नाहीत" म्हणणारे मी पाहिलेत. फुगलेली बॅटरी कुठल्याही कंपनीची असो, मागचं झाकण उचललं गेलेलं दिसलं की फोन बंद करा, दाबू नका, चार्जिंगला लावू नका, लगेच घेऊन या. २०१६ ला सॅमसंगला नोट ७ बॅटरीच्या आगीमुळे जगभरातून परत बोलवावा लागला होता, एवढ्या मोठ्या कंपनीला. पुढच्या वर्षी नोट ८ आला आणि जुन्या चाहत्यांनी तो घेतलाच. माझी त्यावर तक्रार नाही. फक्त क्षमा करताना डोळे उघडे असावेत.

फायदाही सांगतो. जीव असलेला माणूस फोन शिकतो. कुठे काय आहे ते बोटांना पाठ असतं. अपडेट आलं तर घेतो. नावड असलेला "अपडेट केलं की कंपनी फोन स्लो करते" म्हणून वर्षानुवर्षं थांबवून ठेवतो. ही भीती उगाच आली असं नाही, २०१७ च्या डिसेंबरात ॲपलनं कबूल केलं होतं की जुन्या बॅटरीचे फोन आपण मंद करत होतो. पण सुरक्षेची दुरुस्ती त्याच अपडेटमधून येते, आणि आता सगळ्यांची बँक फोनमध्ये आहे.

---

बाराखडी · सोमवार, रात्री १०.१०

आमच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी, आजोळी कन्नड. कंपनी कुठलीही चालेल, कीबोर्डवर तिन्ही लिपी पटकन बदलता आल्या पाहिजेत. एकदा नव्या फोनवर कंपनीचाच कीबोर्ड होता, भाषा बदलायचं बटण भलतीकडे. दोन आठवडे मी आईला तेलुगूत मेसेजच केला नाही, नुसते आवाज पाठवले. मग जुनाच कीबोर्ड टाकून घेतला आणि फोन लगेच आपला वाटायला लागला.

---

मागावरचा · बुधवार, रात्री ९.४५

दादा, काल सुट्टी झाल्यावर आलो होतो दुकानात, तुम्ही गर्दीत होता, तुमच्या पोरानं करून दिलं. पिनमधून निघालेलं तूस कागदावर ठेवून दाखवलं त्यानं. हिरवं आणि पांढरं. त्या महिन्यात आमच्याकडे हिरव्या पट्ट्याचे टॉवेल चालू होते, तेच. केबल टक्कन बसली. आज खात्यातल्या तिघांचे पण मीच काडीनं साफ केले, फोन बंद करून. तिन्ही चालू.

एक मात्र आहे. मुलगी अकरावीला गेली, तिला फोन घ्यायचाय. आठवडाभर मी सगळ्यांना सांगत होतो ही कंपनी घेऊ नका म्हणून. आता तिला विचारलं कुठला पाहिजे, तर म्हणते, "तुमच्यासारखाच द्या, तुमचा मी बघून बघून शिकलेय." तोच घेऊलालो. फक्त नवा, आणि दुकानात तीच हात लावून बघेल, शिलाईवाल्या ताईंनी लिहिलंय तसं. पिनवर लावायचं रबराचं बूच मिळतं का तुमच्याकडे? दोन पाहिजेत.

---

नवीपेठ_दुरुस्ती · बुधवार, रात्री १०.०२

मिळतं. टाइप-सीचं आहे. ठेवतो बाजूला, चार ठेवतो.